डेटाबेस मंदावला तर दोष कुठे शोधावा? रेड डिस्क असलेल्या सर्व्हरची पायरीपायरीने तपासणी

रेड म्हणजे अनेक डिस्क जोडून एकच डिस्क असल्यासारखी वापरण्याची रचना. तिचा हेतू असा की एखादी डिस्क निकामी झाली तरी काम थांबू नये. तो हेतू बहुतेक वेळा साधतो, आणि नेमके त्यामुळेच बिघाड झाल्याचे कोणाला कळत नाही; कळते ते एवढेच की कालपर्यंत चटकन निघणारी पावती आज निघता निघत नाही. म्हणून अशा सर्व्हरवरच्या मंदपणाकडे केवळ गैरसोय म्हणून पाहू नये. कित्येकदा तीच बिघाडाची पहिली आणि एकमेव सूचना असते.

लातूर, बीड, परभणी किंवा नांदेडकडच्या पतसंस्था, जिनिंग, साखर कारखाने आणि रुग्णालये यांच्याकडे बहुधा एकच मुख्य सर्व्हर असतो. तो कुठल्यातरी बंद खोलीत ठेवलेला असतो, त्यातले रेड कार्ड खरेदीच्या वेळी विक्रेत्याच्या माणसाने एकदा जुळवून दिलेले असते, आणि त्यानंतर त्या कार्डाचे सॉफ्टवेअर सहसा कोणी उघडलेले नसते. प्रशासकाचा पासवर्ड ज्याच्याकडे आहे, पण सर्व्हर सांभाळणे हे ज्याचे एकमेव काम नाही, अशा व्यक्तीसाठी हा लेख आहे. आदेश मुख्यतः लिनक्सचे दिले आहेत. विंडोजवरच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये काय पाहावे हे काही ठिकाणी सांगितले आहे.

तक्रार आधी मोजून घ्यावी

“सर्व्हर स्लो आहे” या वाक्यावरून काहीही शोधता येत नाही. गाळप हंगामात वजनकाट्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागलेली असताना काट्यावरचा कारकून हेच वाक्य बोलतो आणि त्याचे बरोबरही असते. पण तपासणाऱ्याने त्याच्या शेजारी उभे राहून घड्याळ लावावे. वजन घेतल्यापासून पावती छापली जाईपर्यंत किती सेकंद लागतात, ते प्रत्येक वेळी लागतात की मधूनच, आणि त्याच वेळी लेखा विभागातल्या संगणकावर जुनी नोंद उघडायलाही तेवढाच वेळ लागतो का, हे लिहून घ्यावे.

यातला सर्वांत मोलाचा प्रश्न शेवटचा आहे. वाचन मंद आहे की लेखन? अहवाल पटकन उघडतो पण नोंद जतन करताना पडदा गोठतो, असे असेल तर संशय कंट्रोलरच्या (म्हणजे रेड कार्डाच्या) कॅशवर म्हणजे तात्पुरत्या मेमरीवर, पॅरिटीवर (गेलेल्या डिस्कवरचा मजकूर परत घडवता यावा म्हणून लिहिलेल्या जादा माहितीवर) किंवा डेटाबेसच्या लॉगवर (बदलांच्या नोंदवहीवर) जातो. जतन ठीक होते पण अहवाल रखडतो, असे असेल तर मेमरी, इंडेक्स (नोंदी पटकन शोधण्याची सूची) किंवा एखादी अडखळणारी डिस्क आधी पाहावी. दोन्ही मंद असतील तर ॲरेमध्ये (रेडने जोडलेल्या डिस्कच्या संचात) दुरुस्ती चालू असण्याची किंवा सगळ्याच रांगा तुंबल्याची शक्यता वाढते.

मंदपणा कधीपासून सुरू झाला हेही विचारावे आणि उत्तर वीजपुरवठ्याशी जोडून पाहावे. आदल्या रात्री वीज किती वेळ गेली होती, यूपीएस संपून सर्व्हर बंद पडला होता का, खोलीतला एसी चालू आहे का, हे प्रश्न पुण्या-मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये कदाचित कोणी विचारणार नाही. आपल्याकडे त्यांची उत्तरे पुढे थेट उपयोगी पडतात.

डिस्कवर आरोप करण्याआधी

तीन गोष्टी आधी बाजूला काढाव्यात: प्रोसेसर, मेमरी आणि लॉक (एका व्यवहाराने नोंद अडवून धरणे).

टॉप हा आदेश चालवून प्रोसेसरच्या ओळीतील ‘डब्ल्यूए’ हा आकडा पाहावा. प्रोसेसर रिकामा असूनही डिस्कच्या उत्तराची वाट पाहणारे काम शिल्लक होते, अशा वेळेचे ते प्रमाण असते. तो मोठा असेल तर डिस्ककडे पाहण्यास आधार मिळतो. परंतु तो लहान आहे म्हणून डिस्क निर्दोष ठरत नाही, कारण दुसऱ्या कामाने प्रोसेसर भरलेला असेल तर हा आकडा आपोआप खाली येतो. लिनक्समधील लोड ॲव्हरेज हा आकडाही फसवा आहे. त्यात प्रोसेसरची वाट पाहणारी आणि डिस्कमध्ये अडकलेली अशी दोन्ही कामे मोजली जातात. त्यामुळे लोड २० दिसतो आणि प्रोसेसर मात्र ८० टक्के मोकळा असतो, असे चित्र दिसल्यास ती कामे बहुधा डिस्कच्या दारात उभी आहेत असे समजावे.

मेमरीसाठी व्हीएमस्टॅटमधील ‘एसआय’ आणि ‘एसओ’ हे दोन रकाने पाहावेत. ते सतत शून्याच्या वर असतील तर सर्व्हर स्वॅप करतो आहे, म्हणजे मेमरी अपुरी पडल्याने तिच्यातला मजकूर डिस्कवर हलवतो आहे. आधी मेमरीची मांडणी सुधारावी, नंतर डिस्ककडे वळावे.

लॉकचा प्रकार वेगळा आहे, आणि डिस्कचा दोष म्हणून सर्वाधिक वेळा तोच खपवला जातो. एखाद्या काउंटरवर नोंद अर्धवट उघडी ठेवून कर्मचारी जेवायला गेला, आणि त्या प्रणालीने तेवढा वेळ व्यवहार उघडाच ठेवला, तर त्या खात्याला हात लावू पाहणारे बाकीचे सगळे थांबतात. अशा थांबण्यात डिस्क काहीच करत नसते. पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसमध्ये पीजी-स्टॅट-ॲक्टिव्हिटी या दृश्यात प्रत्येक जोडणी कशाची वाट पाहते आहे ते दिसते: प्रतीक्षेचा प्रकार ‘लॉक’ असेल तर दोष व्यवहारांचा आहे, ‘आयओ’ असेल तर डिस्कचा माग काढावा. ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ अशी स्थिती दाखवणारी जुनी जोडणी सापडली तर बहुधा चोर तोच असतो. मायएसक्यूएलमध्ये इनोडीबी या त्याच्या साठवण-यंत्रणेच्या स्थिती-अहवालातील व्यवहारांचा भाग पाहावा. एसक्यूएल सर्व्हरमध्ये प्रतीक्षेच्या आकडेवारीत ‘पेजआयओलॅच’ म्हणजे पान (डेटाबेसच्या साठवणीचा ठरावीक आकाराचा तुकडा) डिस्कवरून वाचण्याची वाट आणि ‘राइटलॉग’ म्हणजे लॉग लिहून होण्याची वाट. ‘एलसीके’ने सुरू होणारी नावे वर आली तर प्रश्न लॉकचा आहे.

डिस्कचे आकडे कसे वाचावेत

आता डिस्कचे आकडे देणारा आयओस्टॅट हा आदेश. तो ‘एक्स’ पर्यायासह, पाच सेकंदांच्या अंतराने आणि तक्रार चालू असतानाच चालवावा. त्याचा पहिला अहवाल सर्व्हर सुरू झाल्यापासूनच्या सरासरीचा असतो, म्हणून तो सोडून द्यावा. घाईत नेमका तोच वाचला जातो आणि सगळे ठीक असल्याचा निष्कर्ष निघतो.

पाहण्याचे रकाने चार. ‘आर-अवेट’ आणि ‘डब्ल्यू-अवेट’ म्हणजे एका वाचनाला व एका लेखनाला रांगेतल्या वेळेसह लागलेले मिलिसेकंद. ‘एक्यू-एसझेड’ म्हणजे रांगेची सरासरी लांबी. ‘युटिल’ म्हणजे किती टक्के वेळ डिस्ककडे निदान एक तरी विनंती होती. शेवटच्या आकड्यावर फार विसंबू नये. एकट्या फिरत्या डिस्कसाठी तो ठीक आहे, पण एसएसडी किंवा कंट्रोलरमागची अनेक डिस्कची ॲरे एकाच वेळी अनेक विनंत्या हाताळते, त्यामुळे १०० टक्के दिसूनही तिची क्षमता बरीच शिल्लक असू शकते.

तुलनेसाठी हे लक्षात ठेवावे. मिनिटाला ७,२०० फेरे फिरणारी डिस्क सेकंदाला १२० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद आणि हवी ती जागा मुंडीखाली येण्यास सरासरी त्याच्या निम्मे, ४.२ मिलिसेकंद लागतात. त्यात मुंडी सरकण्याचे ८-९ मिलिसेकंद मिळवले की एका विखुरलेल्या वाचनाला सुमारे १३ मिलिसेकंद होतात. सेकंदाला साधारण ७५ ते ८० वाचने. डिस्क निरोगी असली तरी यापुढे जात नाही. म्हणून अशा डिस्कवर १०-१५ मिलिसेकंद स्वाभाविक मानावेत, सतत २०-३०च्या वर गेल्यास रांग साचते आहे असे समजावे, आणि एसएसडीवर हाच वेळ सहसा एका मिलिसेकंदाच्या आसपास किंवा त्याखाली असायला हवा. बॅटरी असलेल्या कंट्रोलरवर (ती बॅटरी कशासाठी ते पुढे येईल) लेखनाचा वेळ मात्र वाचनापेक्षा खूप कमी दिसला पाहिजे. लेखनाचा वेळ वाचनाएवढा किंवा त्याहून जास्त दिसत असेल तर कॅश काम करत नाही, असा पक्का संशय घ्यावा.

एक जवळून पाहण्यासारखे उदाहरण घेऊ. सॉफ्टवेअर रेडवर (वेगळ्या कार्डाऐवजी ऑपरेटिंग सिस्टिमच चालवते त्या रेडवर) चार डिस्कची रेड १० रचना (प्रत्येक मजकुराच्या दोन डिस्कवर दोन प्रती) आहे आणि एसडीए, एसडीबी, एसडीसी, एसडीडी या चारही डिस्कवर सेकंदाला सुमारे ३५ विनंत्या जात आहेत. पहिल्या तीन डिस्कचा प्रतीक्षाकाळ ८ मिलिसेकंद आणि रांग ०.२८, चौथीचा १४० मिलिसेकंद, रांग ४.९ आणि युटिल ९८. विनंत्यांचा वेग गुणिले प्रतीक्षाकाळ म्हणजे रांगेची लांबी, हे गणित येथे जुळते: ३५ गुणिले ०.१४ म्हणजे ४.९. याचा अर्थ आकडे विश्वासार्ह आहेत आणि चौथ्या डिस्कवर जादा काम पडलेले नाही. तेवढ्याच कामाला ती सतरापट वेळ घेते आहे. आरशातल्या दोन्ही प्रतींवर लेखन पूर्ण झाल्याशिवाय ते पूर्ण मानले जात नाही, म्हणून संपूर्ण डेटाबेस या एका डिस्कच्या चालीने चालतो. आणि ॲरेची स्थिती पाहायला गेले तर चारही डिस्क ‘चालू’ दाखवल्या जातात, कारण एसडीडी अजून मेलेली नाही.

अशी लंगडणारी डिस्क मेलेल्या डिस्कपेक्षा जास्त त्रास देते, असे माझे मत आहे. मेलेली डिस्क निदान लाल दिवा लावते.

ॲरेची प्रकृती

सॉफ्टवेअर रेड असेल तर /प्रॉक/एमडीस्टॅट ही फाइल उघडावी. चौकटी कंसातील ‘यू’ या अक्षरांच्या जागी कुठे अधोरेषा दिसली तर ती डिस्क ॲरेबाहेर गेली आहे. त्याखाली ‘रिकव्हरी’, ‘रिसिंक’ किंवा ‘चेक’ अशी प्रगतिरेषा दिसली तर ॲरे स्वतःच्याच कामात गुंतलेली आहे. यांपैकी ‘चेक’ म्हणजे ठरलेली नियमित पडताळणी होय: डेबियन आणि उबुंटूमध्ये ती महिन्याच्या पहिल्या रविवारी रात्री एकच्या सुमारास सुरू होते, रेड हॅटच्या घराण्यात दर रविवारी. डिस्क मोठ्या असतील आणि वेग कमी असेल तर ती सोमवारी सकाळी काउंटर उघडेपर्यंत लांबते. “फक्त सोमवारीच मंद होते” अशी तक्रार असेल तर आधी येथे पाहावे. ही पडताळणी बंद करणे हा उपाय नव्हे; तिची कमाल गती ठरवणारी कर्नलची मर्यादा कामाच्या वेळेत खाली आणावी किंवा तिची वेळ बदलावी.

हार्डवेअर कंट्रोलर असेल तर ऑपरेटिंग सिस्टिमला सगळ्या डिस्क मिळून एकच डिस्क दिसते. वर दिलेले चार डिस्कचे चित्र तेथे दिसणारच नाही. म्हणून कंट्रोलरचेच साधन लागते: मेगारेड कार्डांसाठी स्टोअरसीएलआय, डेलच्या पर्कसाठी पर्कसीएलआय, एचपीईच्या स्मार्ट ॲरेसाठी एसएसएसीएलआय. मेगारेड आणि पर्कमध्ये प्रत्येक डिस्कपुढे ‘मीडिया एरर’, ‘अदर एरर’ आणि ‘प्रेडिक्टिव्ह फेल्युअर’ असे तीन मोजक असतात. मीडिया एरर म्हणजे पृष्ठभागाचा दोष. अदर एरर वाढत असेल तर केबल, बॅकप्लेन (डिस्क जिला जोडल्या जातात ती पाटी) किंवा जोडणी आधी तपासावी.

सॉफ्टवेअर रेडमध्ये हेच स्मार्टसीटीएल हा डिस्कची प्रकृती दाखवणारा आदेश सांगतो. मेगारेडमागच्या डिस्कसाठी त्याला उपकरणाचा प्रकार आणि डिस्कचा क्रमांक द्यावा लागतो. साटा डिस्कवर गुणधर्म क्रमांक ५ म्हणजे बदली दिलेली सेक्टर, १९७ म्हणजे वाचता न आल्याने निर्णय प्रलंबित असलेली सेक्टर, १९८ म्हणजे न सुधारलेली सेक्टर आणि १९९ म्हणजे केबलवरून जाताना बिघडलेला मजकूर. १९७ शून्यावर नसेल तर वरच्या उदाहरणातला १४० मिलिसेकंदांचे कोडे तेथेच सुटते: डिस्क तीच जागा पुन्हापुन्हा वाचायचा प्रयत्न करते आहे. सर्व्हरसाठी बनवलेल्या डिस्क असा प्रयत्न सहसा सात सेकंदांत सोडून देतात आणि ॲरेला दुसरी प्रत वापरू देतात. घरगुती संगणकाच्या डिस्क मात्र कितीतरी जास्त वेळ अडून बसतात. लिनक्स एका आदेशासाठी मूळ मांडणीप्रमाणे ३० सेकंद थांबते. तोवर व्यवहार गोठलेला राहतो आणि नंतर संपूर्ण डिस्कच ॲरेबाहेर काढली जाण्याचा धोका असतो. स्थानिक दुकानातून आणलेली स्वस्त डिस्क सर्व्हरमध्ये बसवल्यानंतर अधूनमधून अर्धा मिनिट सगळे थांबते, या लक्षणाचे कारण बहुतेक हेच असते. एसक्यूएल सर्व्हर अशा वेळी आपल्या त्रुटीनोंदीत ८३३ क्रमांकाचा संदेश लिहितो, की काही विनंत्यांना १५ सेकंदांहून अधिक वेळ लागला. तो संदेश सापडल्यावर क्वेरी सुधारत बसू नये.

एक डिस्क खरोखर गेलेली असेल तर किती फरक पडतो, हे मोजता येते. आठ डिस्कच्या रेड ५ मध्ये (एका डिस्कएवढी पॅरिटी ठेवणाऱ्या रचनेत) गेलेल्या डिस्कवरचा प्रत्येक तुकडा परत घडवायला उरलेल्या सातही डिस्क वाचाव्या लागतात. एक अष्टमांश वाचने सातपट महाग झाली, बाकीची तशीच राहिली, म्हणजे एकूण वाचनकाम १.७५ पट झाले. आणि ते करायला डिस्क मात्र एक कमी.

कॅशची बॅटरी: येथे सर्वाधिक वेळ द्यावा

हार्डवेअर कंट्रोलरवर साधारण एक-दोन गिगाबाइटची मेमरी असते. डेटाबेसने लिहिलेला मजकूर या मेमरीत उतरताच कंट्रोलर “लिहून झाले” असे कळवतो आणि डिस्कवर नंतर सवडीने लिहितो. याला राइट-बॅक म्हणतात. मध्येच वीज गेली तर हा मजकूर पुसला जाऊ नये म्हणून कार्डाला बॅटरी किंवा नव्या कार्डांवर सुपरकपॅसिटर आणि फ्लॅश मेमरी जोडलेली असते. बॅटरीवर भरवसा उरला नाही की कंट्रोलर आपणहून राइट-थ्रू पद्धतीकडे वळतो, म्हणजे प्रत्यक्ष डिस्कवर लिहून झाल्याशिवाय होकार देत नाही. एका मिलिसेकंदाहून कमी वेळात होणारे लेखन क्षणात दहा, वीस, कधी पन्नास मिलिसेकंदांवर जाते. एकही डिस्क गेलेली नसते, ॲरे ‘ऑप्टिमल’ दाखवते, आणि जतन करणारा प्रत्येक माणूस तक्रार करू लागतो.

मराठवाड्यात हे होण्याची कारणे ठळक आहेत. बॅटरीचे आयुष्य उष्णतेने घटते, आणि मे महिन्यात बाहेर ४२-४३ अंश असताना एसी बंद पडलेल्या खोलीत सर्व्हरच्या पेटीतले तापमान त्याहून वर जाते. दुसरे म्हणजे रात्रभर वीज नसताना कार्डाची बॅटरी कॅशमधला मजकूर राखत उतरत जाते; सकाळी सर्व्हर सुरू झाला की ती पुरेशी भरेपर्यंत कंट्रोलर राइट-थ्रूवरच राहतो. “वीज जाऊन आली की सकाळचे दोन-तीन तास मंद, दुपारी आपोआप ठीक” ही तक्रार ऐकताच डोळ्यांसमोर बॅटरी यावी. तिसरे, जुन्या कार्डांवर बॅटरीची क्षमता अजमावण्यासाठी ठरावीक काळाने तिला पूर्ण उतरवून पुन्हा भरण्याची आवर्तने चालतात, त्या तासांतही हेच घडते.

तपासणी सोपी आहे. स्टोअरसीएलआयने व्हर्च्युअल डिस्कची यादी काढावी आणि कॅशच्या रकान्यात ‘डब्ल्यूबी’ आहे की ‘डब्ल्यूटी’ ते पाहावे. येथे मेख अशी की ठरवलेली पद्धत आणि सध्या लागू असलेली पद्धत वेगळ्या असू शकतात. सविस्तर अहवालातून लागू असलेलीच पाहावी. मग बॅटरीची स्थिती, तापमान आणि बदलण्याची सूचना वाचावी. शेवटी कंट्रोलरच्या घटनानोंदीत पद्धत बदलल्याची वेळ शोधून ती तक्रारीच्या वेळेशी जुळवून पाहावी. वेळा जुळल्या तर निदान पक्के झाले.

बॅटरी खराब असली तरी राइट-बॅक चालूच ठेवण्याचा एक पर्याय बहुतेक कार्डांत असतो. त्याने तक्रार पाच मिनिटांत मिटते, आणि म्हणूनच तो अनेक ठिकाणी निवडून ठेवलेला आढळतो. तो वापरू नये. यूपीएस आहे हे कारण पुरेसे नाही, कारण यूपीएसची स्वतःची बॅटरी, सर्व्हरचा वीजसंच आणि मदरबोर्ड यांपैकी काहीही निकामी झाले तर कॅशमधला मजकूर जातो. डेटाबेसने तो लिहिला गेल्याचे गृहीत धरलेले असते. त्यातून हरवलेली एखादी नोंद परत भरता येते. अर्धवट लिहिलेल्या पानांमुळे बिघडलेला डेटाबेस मात्र बॅकअपवरूनच उभा करावा लागतो.

रचनाच चुकीची असेल तर

सगळ्या डिस्क निरोगी, बॅटरी ठणठणीत आणि तरीही लेखन रखडते, असे आढळल्यास रचनेचे गणित मांडावे. रेड ५ वर एक लहान नोंद बदलायची तर जुना मजकूर वाचणे, जुनी पॅरिटी वाचणे, नवा मजकूर लिहिणे आणि नवी पॅरिटी लिहिणे अशी चार कामे होतात. रेडची कल्पना १९८८ साली बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी मांडली, त्या मूळ निबंधातच लहान लेखनाची ही किंमत सांगितलेली आहे. ती नव्याने कोणाला सापडलेली नाही. रेड ६ वर दोन पॅरिटी असल्याने कामे सहा होतात, रेड १ आणि रेड १० वर दोन.

सेकंदाला ७५ कामे करणाऱ्या आठ डिस्क मिळून ६०० कामे होतात. नुसते विखुरलेले लेखन असेल तर रेड १० वर त्यातून ३०० लेखने निघतात, रेड ५ वर १५० आणि रेड ६ वर १००. सत्तर टक्के वाचन आणि तीस टक्के लेखन असे मिश्रण धरले तर रेड १० वर सुमारे ४६०, रेड ५ वर ३१५ आणि रेड ६ वर २४० विनंत्या भागतात. आपल्या सर्व्हरवर तक्रारीच्या वेळी सेकंदाला किती वाचने आणि लेखने येतात, ते आयओस्टॅटने आधीच सांगितलेले आहे. तो आकडा या मर्यादेला टेकला असेल तर कोणतीही सेटिंग बदलून फार काही साधणार नाही. कंट्रोलरची कॅश लेखनाचे लोंढे सामावून घेते; पण सोयाबीनच्या हंगामात दिवसभर अखंड नोंदी येत असतील तर कॅश भरते आणि मग वेग पुन्हा डिस्कच्याच मर्यादेवर येतो.

चंक किंवा स्ट्राइपचा (डिस्कांमध्ये वाटल्या जाणाऱ्या तुकड्यांचा) आकार आणि पार्टिशनची जुळणी यांवर मात्र फार वेळ घालवू नये. पार्टिशन ६३व्या सेक्टरपासून सुरू होत असेल तर ती जुनी, बेजुळणी मांडणी आहे. २०४८व्या सेक्टरपासून असेल तर तो विषय संपला.

व्हर्च्युअल मशिनवर डेटाबेस चालत असेल तर वरची सगळी तपासणी मूळ यंत्रावर करावी आणि विसरून राहिलेले जुने स्नॅपशॉट (मशिनची त्या-त्या वेळची स्थिती जपलेल्या प्रती) आहेत का तेही पाहावे.

डेटाबेसच्या आत

डिस्कवर येणारे काम मुळात गरजेचे आहे का, हा प्रश्न इथे येतो. मायएसक्यूएलमध्ये इनोडीबीचा बफर पूल आणि पोस्टग्रेएसक्यूएलमधील शेअर्ड बफर्स (डेटाबेस पाने मेमरीत ठेवतो त्या जागा) हे दोन्ही मूळ मांडणीत १२८ मेगाबाइटच असतात. ३२ गिगाबाइट मेमरीचा सर्व्हर घेऊन डेटाबेस या १२८ मेगाबाइटवर चालवला जात असल्याचे प्रकार विरळ नाहीत. केवळ डेटाबेससाठी असलेल्या यंत्रावर इनोडीबीला निम्म्याहून अधिक मेमरी द्यावी, तर पोस्टग्रेएसक्यूएलला सुमारे पाव; बाकीची ऑपरेटिंग सिस्टिमच्या कॅशसाठी राहते. त्यानंतर हळू क्वेरींची नोंद सुरू करावी. मायएसक्यूएलची मूळ मर्यादा १० सेकंदांची आहे, ती एकावर आणावी. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये ट्रॅक-आयओ-टायमिंग चालू करून एक्स्प्लेन हा आदेश ॲनालाइज आणि बफर्स या पर्यायांसह दिला की एकेका क्वेरीने किती पाने डिस्कवरून वाचली आणि त्यात किती वेळ गेला ते कळते. सभासद क्रमांकावर इंडेक्स नसल्यामुळे संपूर्ण व्यवहारांचे टेबल वाचले जात असेल तर नव्या डिस्क घेण्याआधी तो इंडेक्स टाकावा.

लेखनाच्या बाजूने पाहिले तर प्रत्येक कमिटच्या (व्यवहार पक्का करण्याच्या) वेळी लॉग डिस्कवर उतरवला जातो. बॅटरीची कॅश नसलेल्या ७,२०० फेऱ्यांच्या डिस्कवर एकामागून एक अशी कमिट सेकंदाला १२०च्या आसपासच होऊ शकतात, कारण त्याच मार्गिकेवर पुन्हा लिहायला फेरा पूर्ण व्हावा लागतो. पन्नास हजार नोंदींची फाइल प्रत्येक नोंदीला वेगळे कमिट देऊन भरली तर सात मिनिटे नुसती या वाट पाहण्यात जातात. हजार-हजार नोंदींचे गट करून कमिट दिले तर हीच वाट अर्ध्या सेकंदावर येते. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला ही एक ओळ बदलायला सांगणे हा कित्येकदा सर्वांत स्वस्त उपाय असतो.

ठरावीक मिनिटांनी मंदावून पुन्हा सुरळीत होत असेल तर चेकपॉइंट (मेमरीतले बदल डिस्कवर उतरवण्याचे टप्पे) पाहावेत. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये ते मूळ मांडणीप्रमाणे पाच मिनिटांनी किंवा लॉगची मर्यादा, म्हणजे एक गिगाबाइट, जवळ येईल तसे होतात. नोंदीत ते वारंवार मर्यादेमुळेच होताना दिसले तर मर्यादा वाढवावी.

इंटरनेटवर हमखास मिळणारा सल्ला म्हणजे एफसिंक (मजकूर खरोखर डिस्कवर उतरेपर्यंत थांबणे) बंद करणे. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये तो बंद करून वीज गेली तर डेटाबेस उघडेलच याची खात्री नाही. इनोडीबीत लॉग फ्लशचे मूल्य १ ऐवजी २ केल्यास डेटाबेस बिघडत नाही, पण यंत्र अचानक बंद पडल्यास शेवटच्या सुमारे सेकंदभराचे व्यवहार जाऊ शकतात. हजेरीच्या नोंदींसाठी हे चालेल. ज्या खातेदाराच्या हातात पावती दिली आहे त्याच्या ठेवीसाठी चालू नये.

संशयाची चाचणी

पीजी-टेस्ट-एफसिंक हे पोस्टग्रेएसक्यूएलसोबत येणारे छोटे साधन आहे; डेटाबेस त्याचा नसला तरी ते वापरता येते. फिरत्या साध्या डिस्कवर ते सेकंदाला शंभरएक वेळा असे सांगेल, बॅटरीच्या कॅशवर हजारांत. बॅटरी नसलेल्या फिरत्या डिस्कवर हजारांचा आकडा आला तर आनंद मानू नये: डिस्क स्वतःच्या अंतर्गत कॅशमधूनच खोटा होकार देते आहे आणि वीज गेली की तो उघडा पडेल.

अधिक खोल चाचणीसाठी एफआयओ हे साधन वापरावे: पोस्टग्रेएसक्यूएल आणि एसक्यूएल सर्व्हरसाठी ८ किलोबाइटचे, इनोडीबीसाठी १६ किलोबाइटचे विखुरलेले वाचन-लेखन, ऑपरेटिंग सिस्टिमची कॅश टाळून, आणि कंट्रोलरच्या कॅशपेक्षा कितीतरी मोठ्या फाइलवर. फाइल वेगळी तयार करावी. एफआयओला लेखनासाठी फाइलऐवजी थेट डिस्कचे नाव दिले तर तो विचारत बसत नाही, त्यावरचा मजकूर पुसून मोकळा होतो. चाचणी कामकाज संपल्यानंतरच करावी.

कंपनांचाही एक प्रकार आहे. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये असताना ब्रेंडन ग्रेग यांनी २००८ साली चालू डिस्कच्या रॅकसमोर मोठ्याने ओरडून विनंत्यांचा वेळ वाढतो हे आलेखावर दाखवले होते. सर्व्हरची खोली जनरेटरच्या भिंतीला लागून असेल आणि मंदपणा फक्त जनरेटर चालू असतानाच येत असेल, तर ही शक्यता हसण्यावारी नेऊ नये. धुळीने तुंबलेले पंखे पूर्ण वेगाने फिरत असतील तरी कंपने वाढतातच, शिवाय पेटी तापते.

दुरुस्तीचा क्रम

डिस्क बदलायची ठरल्यावर पहिले काम बॅकअपचे. तो घेऊन दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहावा, कारण पुनर्बांधणीच्या काळात उरलेल्या सगळ्या डिस्क टोकापासून टोकापर्यंत वाचल्या जातात आणि आजवर लपलेला दोष तेव्हाच वर येतो. रेड ५ मध्ये त्या वेळी दुसरी प्रत शिल्लक नसते. डिस्क अजून जिवंत पण लंगडी असेल तर तिला आधी काढून टाकू नये. सॉफ्टवेअर रेडमध्ये नवी डिस्क जोडून ‘रिप्लेस’ पर्यायाने जुनीवरून थेट मजकूर हलवता येतो, म्हणजे संरक्षण एक क्षणही सुटत नाही. काढण्यापूर्वी डिस्कचा अनुक्रमांक आदेशातून घेऊन पेटीवरच्या लेबलशी ताडून पाहावा. शक्य असेल तेथे तिचा दिवा लुकलुकवावा. चुकून निरोगी डिस्क ओढली गेली तर मंदपणाची तक्रार कायमची संपते, डेटाबेससकट.

चार टेराबाइटची डिस्क सेकंदाला १०० मेगाबाइट या वेगाने भरायला अकरा तास लागतात, आणि वर कामकाज चालू असेल तर त्याहून पुष्कळ जास्त. म्हणून हे काम शनिवारी संध्याकाळी सुरू करावे. पण त्या रात्रीच्या विजेची आणि डिझेलची सोय आधी पाहावी.

काम झाल्यावर तेच आकडे पुन्हा घ्यावेत: पावतीला लागणारे सेकंद, वाचन-लेखनाचे मिलिसेकंद, एफसिंकचा वेग. सर्व्हर निरोगी असतानाचे हे आकडे तारखेसह एका कागदावर लिहून पेटीवर चिकटवले तर पुढच्या तक्रारीच्या वेळी तुलनेला काहीतरी हाताशी असते. मग सूचना लावाव्यात. सॉफ्टवेअर रेडच्या मांडणी-फाइलमध्ये ईमेल पत्ता द्यावा आणि एमडीएडीएम या सॉफ्टवेअर रेडच्या साधनाच्या मॉनिटर प्रकारात चाचणीचा पर्याय देऊन मेल खरोखर येतो का ते पाहावे; स्मार्टडी (डिस्कच्या प्रकृतीवर नजर ठेवणारी सेवा) आणि कंट्रोलरच्या सूचनांचीही अशीच परीक्षा घ्यावी. चाचणीचा मेल न आल्यास बहुतेक वेळा दोनांपैकी एक कारण सापडते: सर्व्हरला मेल पाठवण्याचा मार्गच दिलेला नाही, किंवा फाइलमधला पत्ता संस्था सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याचा आहे.